दर थोड्या महिन्यांनी कंबर धरते? काय तपासायचं आणि काय बदलायचं

तक्रार साधारण अशी असते. पाण्याची बादली उचलायला वाकलं, मोजे घालायला पाय वर घेतला किंवा नुसती शिंक आली, आणि कंबरेत चमक भरली. दोन दिवस कूस बदलतानाही आई आठवते. गोळी, शेक, कुणाकडून तरी एखादं इंजेक्शन. आठवड्या-दोन आठवड्यांत सगळं मोकळं. पुढचे तीन-चार महिने आपल्याला कंबर आहे याची आठवणही होत नाही. मग दिवाळीची साफसफाई येते, किंवा गावाहून एसटीच्या मागच्या बाकावर बसून परतणं होतं, आणि पुन्हा तेच.

मी फिजिओथेरपिस्ट आहे, आणि अशी येणारी-जाणारी कंबरदुखी घेऊन लोक रोज येतात. जवळपास सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच असतो: "या वेळी काय बिघडलं?" बहुतेकदा या वेळी नवीन काही बिघडलेलं नसतं. मागच्या वेळचं काम अर्धं राहिलेलं असतं. दुखणं थांबलं की कंबर बरी झाली असं आपण धरून चालतो. ती फक्त दुखायची थांबलेली असते. गेलेली ताकद परत आलेली नसते.

हे अंदाजाने म्हणत नाही. ऑस्ट्रेलियात ज्यूली हाइड्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिल्यांदाच कंबर धरलेल्या ३९ जणांच्या मणक्यालगतचे खोल स्नायू सोनोग्राफीने मोजले. तो अभ्यास १९९६ साली प्रसिद्ध झाला. दुखऱ्या बाजूचा स्नायू बारीक झालेला होता. काही आठवड्यांत दुखणं गेलं, लोक कामाला लागले, पण ज्यांनी त्या स्नायूसाठी व्यायाम केला नव्हता त्यांचा स्नायू आपोआप भरून आला नाही. वर्षभरात व्यायाम न केलेल्यांपैकी ८४ टक्के लोकांची कंबर पुन्हा धरली, व्यायाम केलेल्यांपैकी ३० टक्के लोकांची. अभ्यास लहान आहे, म्हणून त्या आकड्यांना फार चिकटून बसू नये. पण पुढच्या मोठ्या अभ्यासांनीही दिशा तीच दाखवली आहे, त्यांचं पुढे येईलच.

व्यायामाच्या आधी: ही कंबरदुखी ती नव्हे ना?

कंबरदुखीच्या दहापैकी साधारण नऊ जणांत एका विशिष्ट जागी बोट ठेवून "हे कारण" असं सांगता येत नाही, आणि ते घाबरण्यासारखं नसतं. उरलेल्या एकासाठी मात्र खालच्या गोष्टी वाचून घ्या.

लघवी-शौचाच्या जागेभोवती, म्हणजे सायकलच्या सीटला टेकणारा जो भाग आहे तिथे, बधिरपणा आला. लघवी लागूनही होत नाही किंवा न कळत होते. दोन्ही पायांत कळ उतरली किंवा पाय लटपटतात. असं झालं तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, मोठ्या रुग्णालयात जायचं. इथे उद्यावर ढकलण्यात कायमचं नुकसान होऊ शकतं.

एका पायाचं पाऊल चालताना घासतं, चप्पल पायातून निसटते आणि कळतही नाही, टाचेवर उभं राहता येत नाही: हेही लवकर दाखवायचं, दोन-चार दिवसांच्या आत.

दुखणं हळूहळू आठवड्यागणिक वाढतंय, रात्री पडल्यावरही ठणकतंय, संध्याकाळी कणकण येते, वजन उतरतंय. आपल्याकडे अशा वेळी मणक्याचा क्षयरोग डोक्यात यायलाच हवा. त्यात खोकला असतोच असं नाही, आणि म्हणूनच महिनोन्‌महिने तो "कंबरेचं दुखणं" म्हणून शेकला जातो. सरकारी दवाखान्यात क्षयाची तपासणी आणि औषधं मोफत आहेत. पूर्वी कधी कर्करोग झालेला असेल तरी असं दुखणं अंगावर काढू नये.

साठीपुढच्या बाईची घसरून बसल्यावर, किंवा नुसतं काही उचलल्यावर, पाठीत एकदम तीव्र कळ आली तर ठिसूळ झालेला मणका दबला असण्याची शक्यता असते. बराच काळ स्टिरॉइड घेणाऱ्यांनाही हेच लागू. आणि पाठीच्या एका बाजूने जांघेकडे उतरणारी, माणसाला एका जागी बसू न देणारी कळ असेल तर मणक्याऐवजी मूतखड्याकडे बघा.

दुखण्याचा नमुना ओळखा

यातलं काही नसेल तर आता एक साधी वही घ्या. लोक "कशाने धरली" म्हणून त्या एका क्षणाची नोंद करतात: शिंकलो, वाकलो. शिंक निमित्त असते. नोंद करायची ती आधीच्या दोन दिवसांची: किती तास बसून प्रवास झाला, झोप किती झाली, नेहमीपेक्षा वेगळं कोणतं काम केलं. ऑस्ट्रेलियातल्याच ९९९ रुग्णांच्या एका अभ्यासात अचानक कंबर धरण्याआधी काय घडलं होतं ते विचारलं गेलं. अवघडलेल्या स्थितीत काम करणं, थकलेलं असणं आणि काम करताना लक्ष भलतीकडे असणं यांनी धोका वाढलेला दिसला, आणि सकाळी ७ ते दुपारी १२ ही वेळ सर्वांत वाईट निघाली. कानाला फोन लावून, सकाळच्या घाईत, अपुऱ्या झोपेवर उचललेली बादली म्हणजे सगळं एकत्रच आलं.

वहीत दुसरी नोंद: कशाने वाढतं, कशाने कमी होतं. यावरून साधारण तीन तऱ्हा दिसतात, आणि तिघींचा इलाज वेगळा आहे.

पहिली, बसल्याने आणि वाकल्याने वाढणारी. शिलाई मशीनवर, गाडी चालवताना, लॅपटॉपसमोर ती वाढते. उठून चार पावलं टाकली की बरं वाटतं. खोकल्या-शिंकल्यावर कळ जाते. पंचविशी ते पन्नाशीतल्या बहुतेकांची हीच. हिची सकाळ सर्वांत अवघड, आणि त्याला कारण आहे. दोन मणक्यांमधल्या चकत्या रात्रभर पडून असताना पाणी शोषून फुगतात (सकाळी आपली उंची एखाद-दोन सेंटिमीटरने जास्त भरते ती यामुळेच), आणि अशा ताठरलेल्या चकतीवर वाकण्याचा ताण जास्त येतो. १९९८ च्या एका अमेरिकी अभ्यासात लोकांना फक्त सकाळी उठल्यावर पहिले काही तास वाकणं टाळायला सांगितलं, आणि जुनं दुखणं कमी झालं.

आपल्या घरांतली सकाळ मात्र वाकण्यानेच सुरू होते: केर, लादी, भांडी, आंघोळीची बादली. सगळं सोडा असं सांगण्यात अर्थ नाही. केर-लादी दहानंतर करा किंवा लांब दांड्याचा झाडू-पोछा घ्या, बादली स्टुलावर ठेवा, मोजे बसून घाला. सकाळी उठल्याउठल्या पादहस्तासन किंवा पश्चिमोत्तानासन करणाऱ्यांनी ते संध्याकाळवर न्यावं. सूर्यनमस्कारही तसेच. पालथं पडून कोपरांवर छाती उचलणं, म्हणजे अर्धं भुजंगासन, या प्रकारात अनेकांना आराम देतं.

दुसरी तऱ्हा अगदी उलट. उभं राहिल्याने, चालल्याने वाढते आणि बसलं किंवा पुढे झुकलं की थांबते. साठीच्या आसपासच्या लोकांत ही दिसते. मंडईपर्यंत चालताना मांड्या-पोटऱ्या जड होतात, कुठेतरी टेकावं लागतं, पण सायकल मात्र आरामात चालवता येते. मज्जारज्जूतून निघणाऱ्या नसांची वाट अरुंद झाल्याची ही खूण असू शकते. यांना भुजंगासन सांगितलं तर दुखणं वाढतं. यांनी चालणं तुकड्यांत करायचं, मध्ये बसायचं, आणि सायकल चालू ठेवायची. शेजाऱ्याला ज्या व्हिडिओने बरं वाटलं त्याने तुम्हाला का वाटलं नाही, याचं उत्तर बरेचदा इथे असतं.

तिसरी विश्रांतीने वाढते. वय चाळिशीच्या आत, सुरुवात कधी झाली सांगता येत नाही, पहाटे तीन-चारला दुखण्याने जाग येते, उठल्यावर अर्धा-पाऊण तास कंबर आखडलेली, आणि हालचाल केली की मोकळी होते. कधी डावा कुल्ला दुखतो, कधी उजवा. ही सांध्यांची दाहक व्याधी, अँकिलोजिंग स्पाँडिलायटिस, असू शकते. हाडांच्या डॉक्टरांचे दवाखाने पालथे घालत या मुलांची कित्येक वर्षं जातात. त्यांनी थेट संधिवाततज्ज्ञाकडे जावं; औषधांनी हा आजार चांगला आटोक्यात राहतो.

रिपोर्ट हातात आहे, त्याचं काय?

एमआरआयच्या कागदावर "एल-४ एल-५ (म्हणजे कंबरेचा चौथा-पाचवा मणका) चकती फुगलेली, झीज" असं लिहिलेलं असतं. ते खरंच असतं. पण काहीही न दुखणाऱ्या लोकांचे एमआरआय काढले तरी तेच निघतं. २०१५ साली अशा अनेक अभ्यासांची एकत्रित छाननी झाली: न दुखणाऱ्या विशीतल्या लोकांपैकी ३७ टक्क्यांत आणि ऐंशीतल्या ९६ टक्क्यांत चकतीची झीज दिसली. फुगलेली चकती विशीत ३० टक्के, ऐंशीत ८४ टक्के. म्हणजे केस पांढरे होण्यासारखंच हे बरंचसं. आणि "मणक्यात गॅप आलाय" हे ऐकून हाडं सुटी झाल्यासारखे चालणाऱ्यांसाठी: तिथली जागा वाढलेली नसते, झिजेमुळे थोडी कमी झालेली असते.

पायात मुंग्या-कळ उतरणारी नस दबलेली असली तरी बहुतेकांना सहा ते बारा आठवड्यांत बराच उतार पडतो. चकतीचा बाहेर आलेला तुकडा कित्येकदा शरीर स्वतःच शोषून घेतं, आणि गंमत म्हणजे मोठा तुकडा लहानापेक्षा जास्त वेळा. शस्त्रक्रियेचा प्रश्न येतो तो पायाची ताकद जात असेल तर, किंवा पायाची कळ आठवडेच्या आठवडे सहन करण्यापलीकडे राहिली तर. नुसत्या कंबरेच्या दुखण्यासाठी ती क्वचितच उपयोगी पडते.

धरलेल्या दिवसांत

एक-दोन दिवस जास्त पडून राहिलात तर बिघडत नाही, पण त्यापुढे अंथरूण धरू नका. हेलसिंकीत १९९५ साली महापालिकेच्या कर्मचाऱ्यांचे तीन गट केले होते: दोन दिवस झोपून राहणारे, ठरावीक व्यायाम करणारे आणि सोसेल तसं रोजचं काम चालू ठेवणारे. तिसरा गट सर्वांत लवकर सुधारला. धरलेल्या दिवसांत जोराचा व्यायाम नको, हेही त्यातून कळतं. दर अर्ध्या-पाऊण तासाने उठून घरात चार फेऱ्या, कुशीवर झोपताना गुडघ्यांत उशी, अंथरुणातून उठताना आधी कुशीवर वळून मग हाताच्या आधाराने उठणं, गरम पाण्याची पिशवी. एवढं पुरतं.

गोळ्यांबद्दल थोडं. साध्या पॅरासिटामॉलने कंबर लवकर बरी होत नाही, असं २०१४ च्या एका मोठ्या ऑस्ट्रेलियन चाचणीत दिसलं. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारख्या दाह कमी करणाऱ्या गोळ्यांनी थोडा आराम पडतो. मात्र ज्यांना रक्तदाब, मूत्रपिंडाचा त्रास, अल्सर आहे त्यांनी मेडिकलवाल्याला विचारून त्या घेऊ नयेत, डॉक्टरांनाच विचारावं. बिननावाच्या पुड्या आणि "जडीबुटी"च्या गोळ्या एका दिवसात चमत्कार करत असतील तर त्यात स्टिरॉइड मिसळलेलं असण्याचा संशय धरावा.

पायाळू माणसाकडून कंबरेला पाय लावून घेतला की उसण जाते, असं आमच्याकडे अजून मानतात. लावून घ्या, फक्त जोराने लाथ मारू देऊ नका. उसण बऱ्याचदा आठवड्याभरात आपली आपण उतरतेच. त्या आठवड्यात जे कुणी भेटेल, मग तो पायाळू असो की आम्ही मशीन लावणारे, श्रेय त्याच्या खात्यावर जातं.

मधले चांगले दिवस

खरं काम इथे आहे, आणि इथेच सगळे गायब होतात. दुखणं असताना रोज येणारा माणूस बरं वाटल्याच्या तिसऱ्या दिवशी फोन उचलत नाही. बरं वाटतंय तर व्यायाम कशाला, हा विचार समजण्यासारखा आहे. पण बरं झालेल्यांपैकी जवळजवळ ७० टक्के लोकांना वर्षाच्या आत पुन्हा त्रास होतो, असं २०१९ च्या एका ऑस्ट्रेलियन पाहणीत दिसलं आहे.

सुरुवात चालण्यापासून करा. २०२४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात सिडनीच्या मॅक्वेरी विद्यापीठातली एक चाचणी प्रसिद्ध झाली. नुकतीच कंबर बरी झालेले ७०१ लोक त्यात होते. अर्ध्यांना टप्प्याटप्प्याने वाढत जाणारा चालण्याचा कार्यक्रम आणि कंबरदुखीची नीट माहिती दिली. बाकीच्यांना काही दिलं नाही. चालणाऱ्यांपैकी निम्म्यांची कंबर पुन्हा धरेपर्यंत २०८ दिवस गेले, न चालणाऱ्यांपैकी निम्म्यांची ११२ दिवसांतच धरली. उद्दिष्ट होतं सहा महिन्यांत आठवड्यातून पाच दिवस, रोज ३० मिनिटांवर पोचायचं. एका दिवसात नाही. बसण्या-वाकण्याने दुखणाऱ्यांनी दहा मिनिटांपासून सुरू करावं आणि दर आठवड्याला दोन-तीन मिनिटं वाढवावीत. चाल अशी हवी की बोलता येईल, पण गाणं म्हणता येणार नाही.

चालण्याने कुल्ल्यांची आणि पाठीची ताकद पुरेशी वाढत नाही, म्हणून आठवड्यातून दोन-तीनदा हे जोडायचं: उताणं पडून गुडघे दुमडून कुल्ले वर उचलणं, म्हणजे सेतुबंधासन, हात-गुडघ्यांवर येऊन उजवा हात आणि डावा पाय लांबवणं, मग उलट, एका कोपरावर कुशीने अंग तोलून धरणं, आणि खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं. प्रत्येकी आठ-दहा वेळा, थांबून, दोन फेऱ्या. वीस मिनिटांचं काम आहे. व्यायामानंतर थोडं दुखलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत उतरलं तर चालेल. चोवीस तासांनीही जास्तच असेल तर संख्या निम्मी करा, बंद करू नका.

यापुढची पायरी बहुतेक जण करतच नाहीत: ज्या कामाने कंबर धरते त्याच कामाचा सराव. भरलेला घरगुती सिलिंडर साधारण ३० किलोचा असतो, पाण्याचा मोठा जार २० किलोंचा. महिनाभर काहीही न उचलणारी कंबर एका दिवशी एकदम तो जार उचलायला गेली की तक्रार करणारच. आधी अर्धी बादली, मग पाऊण, मग भरलेली. अंगाजवळ धरून, कंबर पिळून न वळता, पायांनी वळून. उचलण्याच्या "योग्य पद्धती"चं नुसतं प्रशिक्षण देऊन कंबरदुखी टळते असं अभ्यासांत दिसलेलं नाही. वजन पेलण्याची ताकद वाढवत नेणं हे त्याच्यापेक्षा महत्त्वाचं.

इथे एक गोष्ट बोलायलाच हवी. "जड उचलू नका" हा सल्ला ज्याच्या पगाराला धक्का लागत नाही त्यालाच देता येतो. टनावर मजुरी मिळणारा ऊसतोड कामगार डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढतो. भातलावणीला उतरलेली बाई दिवसभर कंबरेतून वाकलेली असते. त्यांच्या बाबतीत मी हंगामाआधीच्या दोन महिन्यांवर भर देते: हंगाम नसताना अंग पूर्ण बसू द्यायचं नाही, थोडं वजन आठवड्यातून दोन-तीनदा उचलत राहायचं. आणि लावणी चालू असताना दर अर्ध्या तासाला सरळ उभं राहून, हात कमरेवर ठेवून चार-पाच वेळा मागे झुकायचं. दुखण्यावरचं सगळं उत्तर हे नव्हे. त्यातला मोठा भाग मुकादमाच्या आणि कारखान्याच्या हिशेबात आहे.

ज्यावर पैसे घालवू नयेत

जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात व्यायाम, माहिती, मालिश यांना जागा आहे. कंबरेचा पट्टा, ट्रॅक्शन म्हणजे वजन लावणं, आणि अफूवर्गीय वेदनाशामकं नित्याची म्हणून देऊ नयेत असं स्पष्ट म्हटलं आहे. आपल्याकडे पहिल्याच भेटीत हातात पट्टा पडतो. लांबच्या प्रवासात धीर वाटतो म्हणून तासभर लावला तर हरकत नाही, पण पट्ट्याने पुढचा झटका टळत नाही.

फळीवर किंवा जमिनीवर झोपण्याचंही तसंच. २००३ मध्ये स्पेनमध्ये ३१३ जणांवर गाद्यांची चाचणी झाली, त्यात अगदी कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादी बरी ठरली. घरातली कापसाची गादी खड्डा न पडलेली असेल तर महागड्या "ऑर्थोपेडिक" गादीची घाई नको. जमिनीवर झोपून बरं वाटत असेल तर झोपा; तो नियम नाही एवढंच. मागच्या खिशातलं जाडजूड पाकीट मात्र गाडीवर बसताना नक्की काढा, कुल्ल्यातून जाणाऱ्या नसेवर ते दाब देतं.

तरीही पुन्हा धरली तर

धरेल कदाचित. व्यायामाने झटके विरळ होतात, सौम्य होतात. कायमचे थांबतीलच असं नाही. पुन्हा धरली की लोक दोन गोष्टी करतात: केलेलं सगळं वाया गेलं म्हणून व्यायाम सोडतात, किंवा पुन्हा एमआरआय काढतात. धोक्याची कुठलीही खूण नसेल तर दोन्हींची गरज नाही. पहिले दोन-तीन दिवस वर सांगितल्याप्रमाणे काढा. चौथ्या दिवसापासून चालणं आधीच्या निम्म्यावर सुरू करा, शून्यापासून नाही. म्हणजे ३० मिनिटं चालत असाल तर १५. ताकदीचे व्यायाम आठवडाभराने, निम्म्या संख्येने. वजन उचलण्याचा सराव सर्वांत शेवटी. वहीत मागच्या आणि या वेळच्या झटक्यातलं अंतर आणि किती दिवसांत कामावर परतलात ते लिहून ठेवा. अंतर वाढत असेल, दिवस कमी होत असतील तर चाललंय ते बरोबर आहे. तीन आठवड्यांनंतरही निम्म्यावरून पुढे सरकता येत नसेल, दुखणं गुडघ्याखाली उतरलं असेल किंवा नमुनाच बदलला असेल, तर ती वही घेऊन तपासायला जा. रिपोर्टांच्या जाड फायलीपेक्षा डॉक्टरांना तिचा जास्त उपयोग होतो.